कुलूप एकाचे, प्रमाण सर्वांचे

बाजारात गेलेला माणूस वजनाच्या खरेपणाविषयी फारसा विचार करीत नाही. दुकानदार तराजूच्या पारड्यात एक किलोचे वजन टाकतो आणि आपण निश्चिंतपणे पिशवी पुढे करतो. ही निश्चिंतता मात्र फार जुनी नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि त्यानंतर दशमान पद्धती आपल्या देशात हळूहळू रूढ झाली. तोपर्यंत एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेतल्या शेराशी जुळेलच, अशी खात्री कोणी देत नसे. शेर, पायली, मण ही नावे तीच, पण मापे निरनिराळी. नाव सारखे असून भागत नाही; माप सारखे असावे लागते, आणि ते सारखे आहे असा सर्वांचा विश्वासही असावा लागतो. अशा मापाला आपण प्रमाण म्हणतो.

आज मी आपणापुढे अशाच एका प्रमाणाची हकीकत ठेवणार आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही. तरीही विजेचे बिल भरताना, रेल्वेचे तिकीट काढताना किंवा बँकेतील शिल्लक पाहताना आपण त्याचा उपयोग करीत असतो. आपला खाते क्रमांक, आपला परवलीचा शब्द वाटेत कोणाला वाचता येऊ नये, म्हणून ते प्रमाण पहारा देत असते. १९९४ साली अमेरिकेतील एका नवजात कंपनीने ते आपल्या धंद्यासाठी निर्माण केले. ती कंपनी आज राहिलेली नाही. तिने घडविलेले कुलूप मात्र रूप पालटून जगभर चालू आहे. खाजगी भांडवलातून जन्मलेली वस्तू सर्वांचे प्रमाण कशी होते, त्यात पैसा घालणाऱ्याच्या पदरी काय पडते, आणि सर्वांची झालेली वस्तू पुढे सांभाळावयाची कोणी, या तीन प्रश्नांचा विचार या हकीकतीच्या आधाराने करता येईल.

दूरच्या माणसाशी पैशाचा व्यवहार करताना भरवसा कशावर ठेवावा, हा प्रश्न इंटरनेटने प्रथम उपस्थित केला असे नाही. पुण्याचा सावकार इंदूरच्या किंवा बडोद्याच्या पेढीवर हुंडी लिहून देई, तेव्हा रोकड बैलगाडीत घालून न्यावी लागत नसे. एका कागदावर काम होई. त्या कागदावर रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय निम्मी रक्कम सांगून ‘तिची दुप्पट’ असाही खुलासा करीत. वाटेत कोणी आकड्यापुढे एक शून्य वाढविले, तर लबाडी तत्काळ उघडी पडे. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती दिले जात. मजकूर बदलला जाऊ नये आणि पैसा भलत्याच्या हाती पडू नये, अशा दोन्ही बाजूंची काळजी त्या रीतीत घेतलेली होती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हुंडीची ही रीत कोणा एका पेढीच्या मालकीची नव्हती, म्हणूनच ती सगळ्या पेढ्यांवर मानली जात असे.

इंटरनेटवर व्यापार करू पाहणाऱ्यांपुढे हेच दोन प्रश्न आले, आणि त्यांत तिसऱ्याची भर पडली. इंटरनेटवरून जाणारा निरोप पोस्टकार्डासारखा असतो. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि ते अनेक यंत्रांच्या हातून पुढे सरकतात; मधल्या कोणत्याही यंत्राला ते वाचता येतात. विद्यापीठांतील संशोधक परस्परांना लेख पाठवीत होते, तोवर यात विशेष बिघडत नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या पैशांवर चालणाऱ्या मुख्य वाहिनीवर व्यापाराला मज्जावच होता. एप्रिल १९९५ मध्ये ती वाहिनी बंद झाली आणि वाहतूक खाजगी कंपन्यांच्या जाळ्यांवर गेली. व्यापाराची वेस अशा रीतीने उघडली. परंतु उघड्या पोस्टकार्डावर आपल्या बँकेच्या कार्डाचा क्रमांक लिहावयास कोण धजावणार?

मार्ग सापडावयास प्रारंभ झाला होता. ११ ऑगस्ट १९९४ रोजी नेटमार्केट नावाच्या छोट्याशा कंपनीने स्टिंग या इंग्रज गायकाची एक ध्वनिमुद्रिका फिलाडेल्फियातील एका ग्राहकाला इंटरनेटवरून विकली. किंमत १२ डॉलर ४८ सेंट आणि टपालखर्च वेगळा. ग्राहकाने आपल्या कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात पाठविला. न्यू यॉर्क टाइम्सने दुसऱ्या दिवशी या विक्रीची बातमी छापली, यावरून तिचे नावीन्य ध्यानात येईल. परंतु त्यासाठी गिऱ्हाइकाजवळ गुप्तलेखनाची निराळी साधने असावी लागत, आणि ती वापरण्याची चिकाटीही असावी लागे. सामान्य गृहस्थ पुस्तक विकत घेण्यासाठी एवढा खटाटोप करील, हे संभवत नव्हते.

याच वर्षी एप्रिल महिन्यात जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन या दोघांनी एक कंपनी काढली. क्लार्क हे पूर्वी सिलिकॉन ग्राफिक्स ही संगणकांची कंपनी स्थापन केलेले अनुभवी गृहस्थ. अँड्रीसन हा अवघा बावीस वर्षांचा तरुण. इलिनॉय विद्यापीठात असताना मोझेक हा इंटरनेटवरील पाने वाचून दाखविणारा प्रोग्राम तयार करण्यात त्याचा पुढाकार होता. क्लार्क यांनी आपल्या स्वतःच्या खिशातून सुमारे ३० लाख डॉलर घातले. पुढे क्लायनर पर्किन्स या साहसी भांडवल पुरविणाऱ्या पेढीने ५० लाख डॉलर दिले. कंपनीचे नाव प्रथम मोझेक कम्युनिकेशन्स होते. विद्यापीठाने हरकत घेतल्यामुळे ते बदलून नेटस्केप असे ठेवण्यात आले.

ही रक्कम कशाच्या भरवशावर घातली गेली, हे समजून घेण्यासारखे आहे. नेटस्केपचा ब्राउझर, म्हणजे पाने वाचण्याचा प्रोग्राम, कोणालाही सहज उतरवून घेता येत असे आणि पुष्कळांना तो फुकटच मिळत असे. पैसा मिळावयाचा होता तो मुख्यतः इंटरनेटवर दुकान मांडणाऱ्या व्यापाऱ्यांकडून. त्यांना लागणारा सर्व्हरचा प्रोग्राम कंपनी विकणार होती, आणि व्यवहाराच्या सुरक्षिततेची सोय असलेल्या सर्व्हरची किंमत अधिक होती. गिऱ्हाइकाच्या मनातील भीती गेल्याखेरीज दुकाने उघडणार नव्हती, आणि दुकाने उघडल्याखेरीज कंपनीचा माल खपणार नव्हता. सारांश, त्या ८० लाख डॉलरांचे भवितव्य एका चांगल्या कुलुपावर अवलंबून होते.

या कुलुपाचे नाव सिक्योर सॉकेट्स लेअर, थोडक्यात एसएसएल. त्याची घडण नेटस्केपमध्ये किप हिकमन यांनी केली, आणि कंपनीचे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून आलेले ताहेर एल्गमाल यांनी ते पुढे नेले. एल्गमाल हे मूळचे कैरोचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेले आणि गुप्तलेखनाच्या गणितात नाव मिळविलेले. कुलुपाची पहिली आवृत्ती इतकी सदोष निघाली की ती बाहेर आलीच नाही. दुसरी आवृत्ती १९९५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली.

या कुलुपाचे तत्त्व गणिती असले तरी कल्पना सोपी आहे. समजा, एका दुकानदाराने आपली उघडी कुलुपे गावभर वाटून ठेवली आहेत. कुलूप कोणालाही दाबून बंद करता येते. परंतु ते उघडणारी किल्ली एकच, आणि ती दुकानदाराच्या कमरेला. गिऱ्हाईक एका चिठ्ठीवर मनास येईल तो गुप्त अंक लिहितो, ती पेटीत घालतो, दुकानदाराचे कुलूप लावतो आणि पेटी रवाना करतो. वाटेत ती कितीही हातांतून गेली तरी उघडत नाही. दुकानदार ती उघडतो, आणि आता तो गुप्त अंक जगात दोघांनाच ठाऊक असतो. पुढचे सारे बोलणे त्या अंकाच्या आधाराने सांकेतिक लिपीत होते. उघड्या कुलुपांची ही युक्ती रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये शोधली होती. नेटस्केपने ती बाजाराच्या उपयोगी आणली.

एक शंका राहते. हे उघडे कुलूप त्याच दुकानदाराचे कशावरून? एखाद्या ठकाने आपले कुलूप त्याच्या नावाने वाटले तर? हुंडीच्या व्यवहारातील ‘शाह’ येथे उपयोगी पडतो. सर्वांना माहीत असलेली एक तिसरी संस्था दुकानदाराची चौकशी करून ‘हे कुलूप याचेच’ असे प्रमाणपत्र देते, आणि ब्राउझर ते तपासून पाहतो. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या व्हेरिसाइन या कंपनीने हेच काम पत्करले. मजकुरात कोणी फेरफार केला तर तो ओळखू यावा, म्हणून प्रत्येक तुकड्यावर गणिती मोहोरही असते. हे सगळे क्षणार्धात, गिऱ्हाइकाने बोटही न हलविता घडते. त्याला दिसत होती ती पडद्याच्या कोपऱ्यातील एक किल्ली: वाट असुरक्षित असेल तर मोडलेली, सुरक्षित असेल तर अखंड.

श्रोतेहो, त्या काळी हे एकच कुलूप बाजारात होते असे मात्र नव्हे. एस-एचटीटीपी नावाची दुसरी पद्धत होती. तीत प्रत्येक पान स्वतंत्रपणे लिफाफ्यात घालण्याची योजना होती. कोणते पान कसे झाकावयाचे हे ते लिहिणाऱ्याने ठरवावयाचे. एसएसएलने पत्रांची सबंध थैलीच सीलबंद केली. आत काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. म्हणून दुकानदाराला आपली पाने बदलावी लागत नसत. डेव्हिड चॉम या गणितज्ञाने डिजीकॅश नावाची कंपनी काढून खर्च करणाऱ्याचे नाव कळू न देणारी नाण्यांची इलेक्ट्रॉनिक प्रतिकृती निर्माण केली होती. कल्पना अत्यंत बुद्धिमान होती. परंतु ती स्वीकारणाऱ्या बँका आणि दुकाने पुरेशी मिळाली नाहीत, आणि १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी होता तो व्हिसा आणि मास्टरकार्ड यांचा. या दोन संस्थांनी प्रथम आपापल्या स्वतंत्र योजना मांडल्या. नंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये हातमिळवणी करून सेट नावाचे संयुक्त प्रमाण जाहीर केले. १९९७ च्या मे अखेरीस त्याचा पूर्ण मसुदा प्रसिद्ध झाला. गुणांच्या दृष्टीने पाहिले तर सेट हे एसएसएलच्या पुढे होते. एसएसएल केवळ वाटेवर पहारा देते. दुकानदाराच्या हाती कार्डाचा क्रमांक पोहोचल्यावर तो त्याचे काय करतो, हे त्याला ठाऊक नसते. सेटमध्ये दुकानदाराला क्रमांक दिसू न देताही पैसे चुकते होण्याची सोय होती. इतके असूनही सेट चालले नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाने प्रमाणपत्र मिळवावे, संगणकात निराळे पाकीट बसवावे, दुकानदाराने नवी यंत्रणा घ्यावी, बँकेनेही घ्यावी, आणि हे सर्वांनी एकाच वेळी करावे, अशी ती व्यवस्था होती. लग्नाला सगळे वऱ्हाड एकाच मुहूर्तावर हजर झाल्याखेरीज अक्षता पडावयाच्या नाहीत, असे ठरविले तर मुहूर्त टळणारच. एसएसएल ब्राउझरच्या पोटातून गिऱ्हाइकाच्या घरी अगोदरच पोहोचले होते. सर्वोत्तम वस्तूच प्रमाण होते असे नाही. जी पुरेशी चांगली आहे आणि जिचा भार सामान्य माणसाच्या डोक्यावर पडत नाही, ती प्रमाण होते.

‘पुरेशी चांगली’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. कारण आरंभीचे हे कुलूप निर्दोष नव्हते. त्या वेळी अमेरिकेच्या कायद्यात बळकट गुप्तलेखन हे युद्धसामग्रीत मोडत असे. म्हणून देशात विकण्याचे कुलूप १२८ बिटांचे, आणि परदेशी पाठविण्याचे ४० बिटांचे. ४० बिटांच्या कुलुपाला सुमारे एक लाख दहा हजार कोटी निरनिराळ्या किल्ल्या संभवतात. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो. यंत्राला तो वाटत नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये डॅमियन डोलिजे या फ्रेंच संशोधकाने शंभराहून अधिक संगणक कामाला लावून आठ दिवसांत अशी एक किल्ली शोधून काढली. पुढच्याच महिन्यात बर्कले येथील इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी त्याहून नामुष्कीची गोष्ट उघडकीस आणली. नेटस्केपचा प्रोग्राम गुप्त अंक निवडताना घड्याळातील वेळ आणि संगणकातील दोन क्रमांक यांवर अवलंबून राही. ते अदमासाने ताडता येत असल्यामुळे १२८ बिटांचे बळकट कुलूपसुद्धा फार थोड्या अवधीत उघडता येत होते.

अशा वेळी धंदेवाईक माणसाची पहिली प्रवृत्ती झाकून ठेवण्याची असते. नेटस्केपने दोष मान्य करून दुरुस्ती वाटली, आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये आपल्या प्रोग्रामातील उणिवा दाखवून देणाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली. पुढे पॉल कोचर या बाहेरच्या तरुण तज्ज्ञाला बोलावून फिल कार्ल्टन आणि ॲलन फ्रायर यांच्यासह कुलुपाची घडण मुळापासून बदलण्यात आली. १९९६ मध्ये आलेली ही तिसरी आवृत्ती पुढच्या सर्व आवृत्त्यांचा पाया ठरली. ज्या कुलुपाची रचना सर्वांना पाहता येते आणि तरीही जे उघडत नाही, तेच खरे कुलूप, हा गुप्तलेखनशास्त्रातील जुना नियम येथे प्रत्ययास आला.

आता प्रमाण होण्याच्या निर्णायक पायरीकडे वळू. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये स्वतःचा ब्राउझर बाजारात आणला, आणि त्याच वर्षी पीसीटी नावाचे आपले निराळे कुलूपही पुढे केले. दोन कंपन्या, दोन कुलुपे. दुकानदाराने दोन्ही बाळगावीत की काय? पूर्वीच्या निरनिराळ्या शेरांसारखीच ही अवस्था झाली असती. ती टळली, कारण हे काम इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या मंडळाकडे सोपविण्यात आले. या मंडळाला सभासदत्वाची वर्गणी नाही. ज्याला विषयाचे ज्ञान आहे त्याने चर्चेत भाग घ्यावा. बहुतेकांचे समाधान होईल तो मसुदा पुढे जावा, अशी तेथील रीत आहे. मसुदा लिहिण्याचे काम टिम डियर्क्स आणि क्रिस्टोफर ॲलन यांनी केले. ते ज्या कन्सेन्सस डेव्हलपमेंट नावाच्या लहानशा कंपनीत होते, तिने एसएसएलचा नमुना प्रोग्राम तयार करून आपले भवितव्य या कुलुपाशी बांधले होते. तिसऱ्या आवृत्तीत थोडे फेरफार करण्यात आले आणि नावही बदलले. मंडळाने एका कंपनीच्या वस्तूवर नुसता शिक्का मारला असे दिसू नये, हा नाव बदलण्यामागचा हेतू होता, असे डियर्क्स यांनी पुढे सांगितले आहे. जानेवारी १९९९ मध्ये ट्रान्सपोर्ट लेअर सिक्युरिटी, म्हणजे टीएलएस, या नावाने हे प्रमाण प्रसिद्ध झाले.

नेटस्केपजवळ या शोधाचे पेटंट होते. ऑगस्ट १९९७ मध्ये ते तिला मिळाले. प्रत्येक व्यवहारामागे पैसा दोन पैसे घेण्याचा मोह होण्यासारखा हा हक्क. कंपनीने काही अटींवर तो कोणालाही विनाशुल्क वापरू दिला. ख्रिस्ती शुभवर्तमानात गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त आहे. जो दाणा मुठीत जपला जातो तो एकटाच राहतो, आणि जो मातीत टाकला जातो त्याचे शेत होते, असा त्याचा भाव. नेटस्केपने हे धर्मबुद्धीने केले असे मला म्हणावयाचे नाही. दुकाने वाढली तर आपला माल खपेल, हा तिचा सरळ हिशेब होता. तथापि व्यापारी हिशेबसुद्धा कधी कधी मूठ उघडावयास शिकवितो, हे नोंदविण्यासारखे आहे.

त्या हिशेबातून पैसा घालणाऱ्यांना काय मिळाले? ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केपचे समभाग प्रथम विक्रीस आले. २८ डॉलरांचा समभाग दिवसाच्या व्यवहारात ७० डॉलरांच्या वर गेला आणि ५८ डॉलर २५ सेंटवर स्थिरावला. कंपनीला तोपर्यंत नफा झालेला नव्हता. तरीही क्लार्क यांच्या ३० लाखांचे मूल्य एका दिवसात ५० कोटी डॉलरांहून अधिक झाले. ही झाली एक बाजू. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट दिल्यामुळे नेटस्केपचा पाय घसरला. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिका ऑनलाइनने ती विकत घेण्याचे जाहीर केले, आणि १९९९ मध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. २००८ मध्ये त्या ब्राउझरची देखभालही थांबली. जे लवकर शिरले आणि वेळेवर बाहेर पडले ते गब्बर झाले. प्रमाण निर्माण करणे आणि प्रमाणावर पैसा मिळविणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हे गुंतवणूक करू पाहणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बांधून ठेवावे.

मोठा लाभ झाला तो ज्यांनी एक पैसाही घातला नव्हता अशांचा, आणि त्यांत आपणही आलो. नेटस्केपच्या त्या समभागविक्रीनंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा परदेशी पाठविण्याचे अशक्त कुलूपच आपल्या वाट्याला येत होते. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीचे निर्बंध सैल केले. त्याच वर्षी सप्टेंबरात उघड्या कुलुपांच्या युक्तीवरील पेटंटही संपुष्टात आले. जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगचे नियम घालून दिले, तेव्हा किमान १२८ बिटांचे एसएसएल वापरावे असे बँकांना बजावता आले. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटे इंटरनेटवर मिळू लागली. बेळगाव, इंदूर किंवा हैदराबाद येथे राहणारा माणूस पहाटे रांगेत उभा न राहता घरबसल्या मुंबईचे तिकीट काढू लागला, तो या कुलुपाच्या भरवशावर. त्यासाठी कोणालाही नेटस्केपची परवानगी मागावी लागली नाही.

परंतु जे सर्वांचे, ते पुष्कळदा कोणाचेच नसते. गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरावयास सारे गाव येते. गाळ काढावयाच्या दिवशी मात्र किती हात लागतात, हे आपण जाणतो. या कुलुपाचे तेच झाले. जगातील असंख्य सर्व्हर ओपनएसएसएल नावाचा एक मोफत प्रोग्राम वापरतात. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांनी रचलेल्या प्रोग्रामातून तो १९९८ च्या अखेरीस उदयास आला. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातील एक भयंकर दोष जाहीर झाला. एखाद्याने ‘माझा तीन अक्षरांचा शब्द परत सांग’ म्हणण्याऐवजी ‘माझा हजारो अक्षरांचा शब्द परत सांग’ म्हटले, तर तो प्रोग्राम भाबडेपणाने शब्दाच्या पुढचे, आपल्या स्मरणातील दुसऱ्यांचे गुपितही वाचून दाखवी. सुमारे पाच लाख सुरक्षित म्हणविणारे सर्व्हर या दोषाच्या कक्षेत होते, आणि तो दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता. चौकशीत असे दिसून आले की, ज्याच्यावर कोट्यवधींची उलाढाल चालते, त्या प्रोग्रामाला वर्षाकाठी केवळ दोन हजार डॉलरांच्या आसपास देणग्या मिळत होत्या, आणि त्यासाठी पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या द्वारे निधी उभारला. विहीर आटल्यावर गाळाची आठवण झाली, एवढेच. उभारणीच्या वेळी भांडवल धावत येते, कारण तेथे नफ्याची आशा असते. देखभालीला ते सहजासहजी येत नाही. रस्ते, पूल, शाळा यांविषयी जे सत्य आहे, ते या अदृश्य कुलुपाविषयीही सत्य आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. तिच्यासाठीच आजचा विषय मला महत्त्वाचा वाटला. हे कुलूप वाट राखते. पलीकडच्या माणसाचा सज्जनपणा राखत नाही. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने प्रमाणपत्रे मोफत द्यावयास प्रारंभ केला. त्यामुळे लहानात लहान संकेतस्थळालाही कुलूप लावणे परवडू लागले. ठकालाही परवडू लागले. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन, रीतसर कुलूप लावून तो बसतो, आणि ‘कुलूप दिसते आहे ना, मग हरकत नाही’ म्हणून भोळा माणूस त्याच्या स्वाधीन आपली परवलीची अक्षरे करतो. लोक कुलपाच्या चिन्हाचा अर्थ चुकीचा घेतात, हे ओळखून गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकले. ज्या खुणेसाठी एके काळी लाखो डॉलर ओतले गेले, ती खूण सर्वत्र झाल्यामुळेच काही सांगेनाशी झाली.

म्हणून श्रोतेहो, प्रमाणित वजन पारड्यात पडले तरी माल पारखून घेण्याचे काम गिऱ्हाइकाचेच राहते, हे विसरू नये. संकेतस्थळाचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे. फोनवर आलेला परवलीचा अंक कोणी कितीही गोड शब्दांत मागितला तरी सांगू नये. घाई करावयास लावणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. घरातील वडीलधाऱ्यांना आणि मुलांनाही हे समजावून द्यावे. वाट सुरक्षित करण्याचे काम अनेक देशांतल्या बुद्धिमान माणसांनी आपल्यासाठी केले आहे आणि आजही ते चालू आहे. २०१८ मध्ये त्या प्रमाणाची नवी, अधिक बळकट आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या वाटेवरून कोणाच्या दारी जावयाचे, हे मात्र ज्याचे त्याने डोळे उघडे ठेवून ठरवावयाचे आहे.